लाल ठिपक्यांची कार्डं

माझे वडील गेले तेव्हा मी सातवीत होते. ते बनारसच्या एका जुन्या वाचनालयात कारकून होते. महिनाभराने वाचनालयाच्या मंडळींनी आईला बोलावून घेतलं आणि लिहिता-वाचता किती येतं ते विचारलं. आई उज्जैनची, मॅट्रिक झालेली. तिने कागद मागून घेतला आणि उभ्या उभ्याच चार ओळी मराठीत, चार हिंदीत लिहून दाखवल्या. ते अक्षर पाहून त्यांनी तिला वडिलांच्या टेबलावर न बसवता कार्डांच्या कपाटापाशी बसवलं. पुढची सतरा वर्षं ती तिथे बसली.

आमचं घर शिंदे घाटाच्या वरच्या अंगाला, दोन खोल्यांचं. शाळा सुटली की मी घरी न जाता गल्ल्यांतून सरळ वाचनालयात जायची आणि आईच्या स्टुलाशेजारी बसून अभ्यास करायची. त्यामुळे ते कपाट मला घरातल्या कपाटाइतकंच ओळखीचं होतं. सागवानी, माझ्या खांद्याएवढं उंच, लहान लहान खणांचं. प्रत्येक खणाला पितळी कडी आणि कडीच्या वर चिठ्ठी: अ ते आ, क ते का, असं. खण ओढला की आत पोस्टकार्डापेक्षा लहान, जाड कार्डं एकामागे एक उभी असायची. खालच्या बाजूला प्रत्येकाला भोक आणि त्या भोकांतून जाणारी एक लांब सळई, म्हणजे कोणी कार्ड उपसून नेऊ नये. पुस्तक एक, पण त्याची कार्डं तीन: एक लेखकाच्या नावाचं, एक पुस्तकाच्या नावाचं आणि एक विषयाचं. तिन्ही कार्डांच्या कोपऱ्यात पुस्तक कुठल्या फळीवर आहे ते सांगणारा आकडा.

हिंदी पुस्तकांची कार्डं टाइप होत. मराठी पुस्तकांची मात्र आई हाताने लिहायची, कारण ऑफिसातल्या हिंदी टाइपरायटरला ळ नव्हता. सुरुवातीला कोणीतरी तिला सांगितलं होतं की ळ च्या जागी ल चालवून घ्या, कोणाला कळणार आहे. आईने ऐकून घेतलं आणि दौत उघडली. मराठी पुस्तकं आमच्याकडे बरीच होती. काशीतल्या मराठी घरांतून कोणी गेलं किंवा कुटुंब नागपूरला, पुण्याला निघून गेलं, की त्यांची पुस्तकं ट्रंका भरभरून आमच्याकडे यायची. आई त्या ट्रंका उघडायची, पुस्तकं पुसायची, आणि एकेकाची तीन तीन कार्डं लिहायची. ळ ने सुरू होणारी पुस्तकं काही नसतात, पण नावात मध्ये ळ आला की हिंदी वाचक तो ल समजून भलत्याच ठिकाणी शोधायचा. अशा पुस्तकांचं आई एक चौथं कार्ड करायची, ल ने लिहिलेलं, आणि त्यावर फक्त एवढंच असायचं: अमुक नाव पाहा. तेही ती कोणाला विचारून करत नसे.

मी मोठी झाले, विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली आणि त्याच वाचनालयात नोकरीला लागले. तेव्हा नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. आई आणि मी सकाळी डबे घेऊन बरोबर निघायचो. माझ्याकडे पदवी होती, आईकडे नव्हती, आणि खरं सांगायचं तर हा फरक माझ्या मनातून जात नसे. वर्गीकरणाचे नियम मी पुस्तकातून शिकून आले होते. आईच्या कार्डांत मला चुका दिसायच्या. कुठे स्वल्पविराम जास्त, कुठे प्रकाशनाचं वर्ष विसरलेलं. एकदा मी तिला म्हटलं, "आई, हे चौथं कार्ड कुठल्या नियमात बसत नाही."

"नसेल बसत," ती म्हणाली. "पण माणसाला पुस्तक मिळतं ना."

दोनतीन वर्षांनी वाचनालयाला सरकारी अनुदानातून एक कॉम्प्युटर मिळाला. वरच्या मजल्यावरची एक खोली रंगवून घेतली, तिच्या खिडक्या बंद केल्या, खाली गालिचा घातला. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. लखनौहून एक गृहस्थ आले, त्यांनी आठ दिवस राहून मला शिकवलं. ठरलं असं की कपाटातलं एकेक कार्ड वर न्यायचं आणि त्यातला मजकूर कॉम्प्युटरमध्ये भरायचा. सगळी कार्डं भरून झाली की कपाट बंद. हे काम माझ्याकडे आलं. म्हणजे आईने इतकी वर्षं लिहिलेलं मी पुन्हा लिहायचं होतं, आणि मी लिहिलं की तिचं लागणार नव्हतं. हे तेव्हा मला अशा शब्दांत सुचलं नाही. मला फार आनंद झाला होता. सगळ्या वाचनालयात त्या खोलीची किल्ली दोघांकडेच होती, ग्रंथपाल साहेबांकडे आणि माझ्याकडे.

कामाची पद्धत अशी होती. सकाळी आई एका खणाची सळई काढायची, कार्डांना सुतळी बांधून माझ्या हातात द्यायची. मी वर जाऊन ती भरायची. दिवसातून दोनदा तरी बिजली जायची, मग खालचा यूपीएस कुईं कुईं ओरडायला लागायचा आणि मी घाईघाईने भरलेलं साठवून मशीन बंद करायची. त्या मशीनला देवनागरी येत नव्हती. नावं सगळी रोमन अक्षरांत. ब चा खण भरून झाला तेव्हा मी कौतुकाने आईला वर बोलावलं. ती चपला काढून आत आली, पदर सावरून माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. मी तीन अक्षरं टाइप केली, बी, ए, एल, आणि पडद्यावर बारा पुस्तकं आली.

आई वाकून वाचत होती. "हे काय आहे? बल?"

"यात बल आहे, बाल आहे, बाळ आहे, बळ पण आहे. सगळ्यांचं स्पेलिंग एकच होतं."

"म्हणजे कुस्तीचं पुस्तक आणि बाळंतपणाचं पुस्तक शेजारी?"

"शोधणाऱ्याला कळेल ना त्यातलं कुठलं हवं ते."

तिने यादी खालपर्यंत वाचली. मग म्हणाली, "पटकन येतात मात्र." आणि खाली गेली.

लाल ठिपके माझ्या लक्षात आले ते त्यानंतर. म्हणजे ते मी लहानपणापासून पाहत होते. मराठीच्या खणांत काही कार्डांच्या वरच्या काठावर लाल शाईचा ठिपका असायचा. खण ओढून वरून बघितलं की कार्डांच्या पांढऱ्या रांगेत मध्येच लाल, मध्येच लाल, असं दिसायचं. मला ती पुस्तकांच्या वार्षिक मोजणीची खूण वाटायची. आता एकेक कार्ड हातात घेताना कळलं की मोजणीशी याचा काही संबंध नाही. वेगवेगळ्या वर्षांची, वेगवेगळ्या विषयांची कार्डं होती. पोथ्या, चरित्रं, प्रवासवर्णनं, एक पाकशास्त्राचं. काहींच्या ठिपक्याखाली बारीक रेघही होती.

दुपारी खाली येऊन मी आईला विचारलं, "हे ठिपके कसले?"

"मोठ्या अक्षराची पुस्तकं आहेत ती."

"म्हणजे?"

"म्हणजे ज्यांचा टाइप मोठा आहे ती. आजी लोक मागतात ना." तिने हातातलं काम थांबवलं नाही. "खाली रेघ आहे ते वजनाला हलकं. पडल्या पडल्या धरता येतं."

आमच्याकडे दुपारी तीनच्या सुमाराला काही म्हाताऱ्या बायका यायच्या. काशीवासाला म्हणून वीस-तीस वर्षांपूर्वी देशावरून आलेल्या, कोणी नाशिककडच्या, कोणी साताऱ्याकडच्या, घाटांमागच्या गल्ल्यांत एकेका खोलीत राहणाऱ्या. नवरे गेलेले, मुलं लांब. देवळं, नदी आणि दुपारचं वाचन, एवढाच त्यांचा दिवस. त्या कधी कार्डं बघत नसत. थेट आईपाशी येऊन म्हणायच्या, "बाई, काहीतरी वाचण्याजोगं द्या." आई खण ओढायची, लाल ठिपक्यांवरून बोट फिरवायची आणि एक नाव काढायची. मला वाटायचं, ती त्यांच्या आवडीनिवडी लक्षात ठेवते. ती ठेवतही होती. पण आधी ठिपका बघत होती.

"कोणी सांगितलं होतं तुला असं करायला?" मी विचारलं.

"कोणी नाही."

मी ग्रंथपाल साहेबांना जाऊन विचारलं की ही खूण कॉम्प्युटरमध्ये कुठे भरायची. ते मूळचे बलियाचे, स्वभावाने सज्जन. त्यांनी लखनौच्या गृहस्थांनी दिलेला तक्ता पाहिला. लेखक, नाव, विषय, वर्ष, पानं, पुस्तकाची उंची सेंटिमीटरमध्ये. अक्षराच्या आकाराला रकाना नव्हता. "सोड बिटिया," ते म्हणाले, "बहनजींनी त्यांच्या सोयीसाठी केलं असेल." मला हायसं वाटलं. पदवी घेताना शिकलेल्या कुठल्याच पुस्तकात असं काही नव्हतं, आणि उद्या बाहेरचं कोणी हा कॅटलॉग तपासायला आलं तर त्यात आईचे ठिपके निघावेत अशी माझी मुळीच इच्छा नव्हती. मी आईला सांगितलं की ठिपके भरता येत नाहीत. ती "बरं" म्हणाली. मी वर जाऊन ठिपक्यांवाली कार्डं बाकीच्यांसारखीच भरत गेले.

आई निवृत्त झाली त्याच्या थोडं आधी काम पुरं झालं. तिच्या निरोपाला शाल आणि नारळ दिला, ग्रंथपाल साहेब दोन शब्द बोलले, आणि त्याच आठवड्यात कपाट कार्डांसकट जिन्याखाली सरकवलं. कपाटाच्या जागी एक टेबल आलं आणि टेबलावर दुसरा पडदा. सकाळी मी वर काम करायची, पुस्तकांची देवघेव खालचे बाबू बघायचे आणि कोणी काय नेलं ते त्याच पडद्यावर नोंदवायचे. दुपारी मी खाली त्या पडद्यापाशी बसायची.

पहिल्या काही दिवसांत म्हाताऱ्या बायका आल्या. मुन्शी घाटामागे राहणाऱ्या एक आजी त्यांच्यात सगळ्यांत पुढे असायच्या. ठेंगण्या, नऊवारी, नाकाच्या शेंड्यावर दोरीने बांधलेला चष्मा. त्यांनी आल्या आल्या आईची चौकशी केली आणि मग म्हणाल्या, "मुली, काहीतरी वाचण्याजोगं दे."

मी म्हटलं, "आजी, पुस्तकाचं नाव सांगा. किंवा लेखकाचं. लगेच काढून देते."

"नाव मला कुठे ठाऊक. नाव तुझी आई सांगायची."

"मग विषय सांगा. संतचरित्र बघू का?"

"बघ."

मी टाइप केलं. वीसेक नावं आली. त्यातलं पहिलं मी बाबूंना काढायला सांगितलं. आजींनी ते पिशवीत टाकलं आणि दुसऱ्या दिवशी परत आणलं. पुस्तक टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "यातली अक्षरं मुंग्यांसारखी आहेत गं. दोन ओळी वाचल्या आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं." मी दुसरं दिलं. तेही तसंच परत आलं. त्या रागावल्या नाहीत. फक्त पुढच्या आठवड्यात आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही आल्या नाहीत. त्यांच्या मागोमाग बाकीच्याही कमी होत गेल्या. मला कळत होतं की हे का होतंय. पण दुपारी टेबलापाशी विद्यापीठातली मुलं रांग लावून उभी असायची, पडद्यावर भराभर नावं यायची, त्यांचे चेहरे खुलायचे, आणि मी स्वतःला सांगायची की काम चांगलं चाललंय. ते चांगलं चाललंही होतं.

मग एके दिवशी एका विद्यार्थ्याने मला चिठ्ठी दिली. त्यावर त्याने पुस्तकाचा आकडा लिहून आणला होता. चिठ्ठी जाड होती म्हणून मी उलटून पाहिली. मागे आईचं अक्षर. वरच्या काठावर लाल ठिपका. जिन्याखालच्या कपाटातून कोणीतरी एक खण काढून आणला होता आणि सळई काढून कार्डं टेबलावर ठेवली होती. आकडे टिपून घ्यायला कोरे कागद कशाला वाया घालवायचे. बाबूंना विचारलं तर ते म्हणाले की साहेबांनीच सांगितलं, आता या कार्डांचा काय उपयोग. गठ्ठ्यातली निम्मी कार्डं गेली होती. लोक आकडा लिहायचे, पुस्तक काढायचे आणि कार्ड खिशात घालून निघून जायचे.

मी उरलेली कार्डं गोळा करून ड्रॉवरमध्ये टाकली. मला काय झालं होतं ते मलाच नीट सांगता येत नाही. ती कार्डं मीच निरुपयोगी केली होती, मग ती कोणी वापरली तर मला वाईट का वाटावं. त्या दिवशी पाच वाजता घरी न जाता मी मुन्शी घाटाकडे गेले.

आजींची खोली शोधायला वेळ लागला. गल्लीत दोघातिघांना विचारलं तेव्हा एका दुधवाल्याने दार दाखवलं. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, देव, आणि खिडकीपाशी उजेडात एक पाट. आजी पाटावर बसून वाचत होत्या. पुस्तकावर आमच्या वाचनालयाचा शिक्का होता.

मी म्हटलं, "आजी, तुम्ही येत नाही म्हणून बघायला आले."

"अगं, तुझी आई आणून देते ना," त्या म्हणाल्या. "दर मंगळवारी येते. मला, वरच्या मजल्यावरच्या बाईंना, आणि नदीपलीकडे रामनगरला एक आहेत त्यांना. पीपा पूल, तो पिंपांवरचा, घातलेला असला की चालत जाते, नसला की होडीने. तुला सांगितलं नाही?"

आईने मला सांगितलं नव्हतं. मंगळवारी ती सकाळी पिशवी घेऊन निघायची आणि जेवायच्या वेळेपर्यंत परत येते म्हणायची. मला वाटायचं संकटमोचनला मारुतीच्या दर्शनाला जाते. घरी पुस्तकं कधी दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉम्प्युटरवर आईचा वाचक क्रमांक टाकला. निवृत्त माणसाला आमच्याकडे चार पुस्तकं न्यायची सवलत होती. तिच्या नावावर दर मंगळवारी चार पुस्तकं गेलेली होती आणि चार आलेली. यादी खालपर्यंत सरकत गेली. बहुतेक नावं मला ओळखू आली, कारण त्यांची कार्डं मी माझ्या हाताने भरली होती आणि प्रत्येकाच्या वरच्या काठावर ठिपका होता. कपाट बंद झालं तरी ती आठवणीतून पुस्तकं काढत होती. ज्या मशीनला तिचे ठिपके घालता येत नव्हते, त्यातच तिने एकेक करून ते घातले होते, आणि तिला त्याची कल्पनाही नव्हती.

संध्याकाळी आई तांदूळ निवडत होती. मी समोर बसले.

"काल मुन्शी घाटाच्या आजींकडे गेले होते."

तिने वर पाहिलं. "रागावलीस?"

"मी कशाला रागावू?"

"तुझ्या कामात ढवळाढवळ केल्यासारखं वाटेल तुला, म्हणून बोलले नाही." तिने ताटातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "तशी भीती मला नेहमीच वाटायची. ते ठिपके करताना पण. पहिला केला ना, तेव्हा आठ दिवस जीव खाली-वर होत होता. आपण इथे दयेवर लागलेल्या, मॅट्रिक, आणि ऑफिसच्या कार्डावर लाल शाई. कोणी पाहिलं तर बोलणी बसतील. मग कोणी बोललं नाही. कोणाच्या लक्षातच आलं नाही."

"माझ्या आलं होतं."

"हो," आई म्हणाली. "आणि तू ते काढून टाकलेस."

ती हे चिडून म्हणाली नाही. जे झालं ते सांगितलं, इतकंच. मी तिच्या ताटातले मूठभर तांदूळ माझ्यापुढे घेतले आणि आम्ही दोघी निवडत बसलो. मी तिची माफी मागितली नाही. आमच्या घरात तशी पद्धत नव्हती. पण झोपण्याआधी मी तिला विचारलं, "उद्या माझ्याबरोबर येशील का? काही कार्डं हरवली आहेत. कुठली हरवली ते तूच सांगू शकशील."

लखनौच्या गृहस्थांना मी पत्र टाकून विचारलं की ही खूण कुठे भरता येईल. त्यांचं उत्तर आठवड्याने आलं. त्यांनी लिहिलं की तक्त्यात शेवटी एक जास्तीचा रकाना रिकामा आहे, त्यात काहीही शब्द घाला, तो शब्द शोधला की ती सगळी पुस्तकं येतील. इतकं सोपं होतं. मी आधी विचारलं असतं तर तेव्हाच झालं असतं. मी विचारलं नव्हतं, कारण मला विचारायचं नव्हतं.

जिन्याखालच्या कपाटातून मी ठिपक्यांची होती तेवढी कार्डं काढून घेतली. जी गेली होती त्यांच्यासाठी आई रोज दुपारी येऊन मराठीच्या फळ्यांपाशी स्टुलावर बसायची. ती पुस्तकांच्या पाठीवरून हात फिरवत जायची, मध्येच एक काढायची, उघडून हातभर लांब धरायची, आणि ठेवून द्यायची किंवा मला द्यायची. कधी म्हणायची, "याचं कार्ड केलं होतं मी, पण चुकलंच. पहिलं पान मोठं आहे, आत बारीक." कधी एखादं पुस्तक हातात घेऊन तोलायची आणि म्हणायची, "हलकं." बाबूंना हे सगळं काय चाललंय ते समजत नव्हतं, पण ते आईसाठी चाय आणून ठेवायचे. मी वर जाऊन त्या रिकाम्या रकान्यात एक शब्द घालायची: MOTHA. दीड महिना लागला.

काम झालं त्या दिवशी मी यादी छापली. प्रिंटर तासभर खरखरत होता. दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांबच लांब कागदावर नावं उतरली, सगळी रोमनमध्ये, सगळी बारीक. मी ती घडी करून आईला दिली. आईने ती उलगडली, चष्मा लावला, चष्मा काढला, आणि मग ती हसायला लागली. तिचं हसणं थांबेना. मला आधी कळलं नाही आणि कळल्यावर मीही हसले. ज्यांना मोठी अक्षरं हवी होती आणि ज्यांना इंग्रजी येत नव्हतं, त्यांच्यासाठी मी ही यादी छापली होती.

तेव्हा आईने एक मोठी वही आणली आणि जाड निबाच्या पेनाने ती सगळी यादी देवनागरीत लिहून काढली. एका पानावर आठच नावं, प्रत्येकापुढे फळीचा आकडा. ती वही दोरीने बांधून टेबलाशेजारच्या खुंटीला अडकवली. मुन्शी घाटाच्या आजी पुढच्या आठवड्यात स्वतः आल्या. त्यांनी उभ्यानेच वही चाळली, एका नावावर बोट ठेवलं, आणि बोट न उचलता मला म्हणाल्या, "हे आहे का आत?" मी आकडा टाकला. पुस्तक आत होतं. त्यांनी स्वतः निवडून घेतलेलं ते बहुधा पहिलंच पुस्तक. त्या तीनचार वर्षं आणखी येत राहिल्या, मग एका थंडीत गेल्या. त्यांच्या नावावर तेव्हा दोन पुस्तकं होती, ती वरच्या मजल्यावरच्या बाईंनी आणून दिली.

पुढे आमच्याकडे देवनागरी लिहिणारं मशीन आलं, त्यानंतर काही वर्षांनी सगळा कॅटलॉग इंटरनेटवर गेला. आता कोणीही घरी बसून आमची पुस्तकं शोधू शकतं, ळ सकट. नव्या तक्त्यात 'मोठा टाइप' हा रीतसर विषय झाला आहे. तो तिथे कसा आला ते कोणी विचारत नाही. मी अजून कधीतरी त्या शब्दाने शोधते आणि यादी खालपर्यंत बघते. आईचं अक्षर त्यात दिसत नाही. पण कुठलं पुस्तक तिने हातभर लांब धरून पाहिलं होतं ते मला आठवतं.

हे सगळं मात्र नंतरचं. ती वही खुंटीला लागली त्याच्या महिन्याभरातली गोष्ट वेगळीच आहे. वहीकडे हिंदी वाचकांचंही लक्ष गेलं. पेन्शनर मंडळी, घाटावरचे एक दोन पुजारी, एक निवृत्त मास्तर असे येऊन विचारू लागले की आमच्यासाठी अशी वही का नाही. ग्रंथपाल साहेबांनी एका शनिवारी मला बोलावलं. म्हणाले, "बहनजींना विचार, हिंदीच्या फळ्या बघतील का. मी मंडळींची परवानगी काढली आहे. चिठ्ठीही देतो." त्यांनी खरोखरच लेटरहेडवर चार ओळींची चिठ्ठी दिली, आईच्या नावाने, आदरपूर्वक विनंती वगैरे.

आईने ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि देवापुढे ठेवली. म्हणाली, विचार करून सांगते. हिंदीची पुस्तकं मराठीच्या चौपट आहेत, आता गुडघे दुखतात, स्टुलावर चढउतर होत नाही. सोमवारी मी आंघोळ करून बाहेर आले तर तिने दोन डबे भरून ठेवले होते आणि ऑफिसची निळ्या काठाची साडी नेसून ती दारात उभी होती. "चल," ती म्हणाली, "उशीर करू नकोस."